संध्याकाळचा थेंब

साळूबाईंनी पिशवीतून साडी काढली, तिच्यावर ब्लाउज ठेवला आणि दोन्ही मिळून गुलाबबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"बघा भाभी. मला काय बोलायचं न्हाई. तुमीच बघा."

गुलाबबाईंनी बघितलं. दुकानातल्या दिव्याखाली काही कळेना, म्हणून त्या दोन्ही घेऊन दारातल्या ओट्यावर आल्या. दिवसाच्या उजेडात शंकेला जागाच उरली नाही. साडी रामा रंगाची होती आणि ब्लाउज मोरपंखी.

"हे माझ्याकडून गेलंय?"

"मंग काय मी पुण्यावनं आणलं? पुतण्याच्या साखरपुड्यात घातला. भावजय सगळ्या बायांम्होरं म्हनली, आक्का, लाइट गेल्यावर कापड घेतलं का काय! पिंपरी पेंढारापस्नं हितवर मी यष्टीनं येती ती कशापायी? आळेफाट्याला काय कापडाची दुकानं न्हाईत?"

ओट्यावर वारा होता. गुलाबबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. साळूबाई एकदम नरमल्या. "अगं बया, रडता कशाला? मी आपलं गमतीनं बोलले."

"रडत नाही हो," गुलाबबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "हे असंच होतं हल्ली."

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या त्या बोळात 'पारस मॅचिंग सेंटर' कुणी म्हणत नसे. 'गुलाबभाभीचं दुकान' म्हटलं की शिंपीसुद्धा बोट दाखवायचा. नवरा, कन्हैयालालजी, असताना त्या फक्त सणासुदीला गल्ल्यामागे बसायच्या. ते गेल्यावर दुकान त्यांच्या अंगावर आलं आणि तेव्हा कुठे घरातल्यांना समजलं की या बाईच्या डोळ्यात रंग मुक्काम करून राहतो. ओतूरची, मंचरची, घोडेगावची बाई साडी न आणता यायची आणि म्हणायची, "मागल्या दिवाळीला नेलेली ती वांगी कलरची, तिच्यावर पाहिजे." गुलाबबाई मागे वळायच्या आणि भिंतीवरच्या दीडशे ताग्यांतून एक ओढायच्या. तोच निघायचा. अंजिरी, आमसुली, डाळिंबी, अबोली, शेवाळी. कंपनीच्या शेड कार्डावर या रंगांना नुसते नंबर असतात. गुलाबबाईंना नंबर कधी लागले नव्हते.

आता गेल्या वर्षभरात दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. चार वेळा पापण्या मिटल्या की थोडं स्पष्ट दिसायचं, मग पुन्हा रंगांवर साय धरायची. गुलाबपाणी झालं, काकडीच्या चकत्या झाल्या, चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. आता साळूबाईंचा ब्लाउज बोलून गेला होता.

गल्ल्यावर बसलेल्या मुलाने, कल्पेशने, सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना नाही, हिशेब करतानाही नाही, दुसऱ्या दिवशी दुकान झाडून झाल्यावर तो म्हणाला, "मम्मी, मी काय म्हणतो. लोक आता शिवायला टाकतात कुठे? दिवाळीपासून या भिंतीला रेडिमेड ब्लाउजचे रॅक लावू. खुशबू बघेल. तू जरा आराम कर."

आराम! अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तो शब्द त्यांनी फक्त आजारी माणसाच्या खाटेशेजारी ऐकला होता.

"दिवाळीपर्यंत माझे डोळे ठीक होतील," त्या म्हणाल्या.

"आणि नाही झाले तर?"

"तर लाव रॅक."

बोलून गेल्या खऱ्या, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन पडेना.

*

डॉक्टर वैजयंती मॅडमचा दवाखाना आळेफाट्याला, गॅरेजांच्या ओळीवरच्या माडीवर. खाली ट्रकचे हॉर्न आणि लोखंडावरचे हातोडे, वर पांढऱ्या पडद्याआड शांतता. मॅडमनी गुलाबबाईंच्या खालच्या पापण्यांत कागदाच्या दोन बारीक पट्ट्या अडकवल्या आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. गुलाबबाईंनी ती पाच मिनिटं खुर्चीच्या हातावर बोटांनी वाजवत काढली. त्यांना नुसतं बसायची सवयच नव्हती.

पट्टी किती भिजली ते मॅडमनी मोजलं. "चार मिलिमीटर. निदान दहा तरी भिजायला हवी. तुमचे डोळे कोरडे आहेत."

"मॅडम, माझ्या डोळ्यांतून धारा लागतात, आणि तुम्ही म्हणता कोरडे?"

"कापडाचं दुकान आहे ना तुमचं? खळ घातलेल्या कोऱ्या कापडावर पाणी टाकलं की काय होतं?"

"घरंगळून जातं."

"तसंच. डोळा कोरडा पडला, खुपला, की घाईघाईने नुसतं पाणी येतं आणि घरंगळून जातं. डोळ्यावर टिकणारं जे चांगलं पाणी असतं, त्यात थोडं तेल असतं, थोडा चिकटपणा असतो. ते बनवणाऱ्या ग्रंथींना सूज आहे. हे औषध ती सूज उतरवतं. पण हळूहळू."

"हळूहळू म्हणजे?"

"सहा आठवडे तर विचारूच नका. नीट फरक तीन महिन्यांनी."

गुलाबबाईंनी बोटांवर मोजलं. आषाढ चालू होता. तीन महिने म्हणजे थेट दिवाळीच्या तोंडावर. जेमतेम बसत होतं, दोन्ही टोकं ताणून.

मॅडमनी कागदावर दोन घड्याळं काढली. दोन्हींत साडेसात. "सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. बारा तासांचं अंतर. जळजळेल. जळजळलं म्हणून सोडायचं नाही. दोन महिन्यांनी दाखवायला या."

औषध दुधाच्या पाण्यासारखं पांढरट होतं. पहिला थेंब पडला आणि मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागावा तसं झालं. गुलाबबाई डोळे मिटून घरभर फिरल्या, खुर्चीला अडखळल्या, आणि दहा मिनिटांनी डोळे उघडून आधी कुठे गेल्या असतील तर शेड कार्डाकडे. ते त्यांनी दुकानातून आणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलं होतं. हिरव्यांची रांग त्यांनी वरून खाली वाचली. कालच्यासारखीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

सून खुशबू हसली. "मम्मी, डाळ टाकल्या टाकल्या कुकरचं झाकण उघडून बघावं तसं चाललंय तुमचं."

"डाळीला शिट्टी तरी होते," गुलाबबाई म्हणाल्या. "याला कळायचं कसं?"

*

पाचव्या दिवशी चातुर्मास बसला. गुलाबबाईंनी दरवर्षीप्रमाणे जैन स्थानकात जाऊन तिथे उतरलेल्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर, चार महिन्यांच्या चौविहाराचं पचक्खाण घेतलं. म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, मुखवास नाही, काही नाही. आणि उगवल्यावरही तास-पाऊण तास थांबायचं. कन्हैयालालजी गेले त्या वर्षापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता. संध्याकाळी साडेसहाला त्या घरी येऊन जेवायच्या, शेवटचं पाणी प्यायच्या आणि पुन्हा दुकानात जायच्या. बाजाराची खरी गर्दी तेव्हाच.

त्या संध्याकाळी साडेसातला त्यांनी दुकानामागच्या खोलीत जाऊन थेंब टाकला. डोळे मिटून पोत्याला टेकल्या. दोन मिनिटांत घशात कडवट चव उतरली.

गेले चार दिवस ती येतच होती. पण त्या दिवसांत वरून घोटभर चहा व्हायचा, लक्षात राहायची नाही. आज त्या ताठ उठून बसल्या. डोळ्यात टाकलेलं घशात आलं होतं, आणि घशात आलेलं पोटात जाणारच. सूर्य तर मावळून गेला होता. चूळ भरायची तर तेही पाणीच. कडू तोंड तसंच घेऊन त्या काउंटरवर आल्या आणि एका बाईला अस्तराऐवजी फॉल काढून दिला.

कुणाला विचारावं? कल्पेशला विचारलं तर म्हणेल, सोड तो चौविहार. महासतीजींना विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या, तर औषध गेलं. हो म्हणाल्या, तरी मनात खोट राहील की सवलत मागून नेम पाळला. गुलाबबाईंनी कुणालाच विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाला नकार येत नाही, हे इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी वागून त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि थेंब दिवस असताना टाकायचा, असं त्यांच्या मनात आलं नाही का? आलं. पण मॅडमनी कागदावर घड्याळ काढून दिलं होतं. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात, अंतर बारा तास. एक मीटर म्हणजे एक मीटर, पाच बोटं कमी कापलं की ब्लाउज होत नाही. साधारण, अंदाजे, जवळपास, हे शब्द गुलाबबाईंच्या दुकानात कधी चालले नव्हते. आता ते डॉक्टरांच्या कागदावर कसे चालवायचे?

म्हणून संध्याकाळचा थेंब बंद झाला. सकाळचा चालू राहिला.

पण खुशबू चौकस. बाटली उघडल्याची तारीख तिने बाटलीवर पेनने लिहून ठेवली होती, कारण उघडलेली बाटली महिन्यानंतर फेकायची असते. रोज रात्री ती विचारायची, "मम्मी, टाकलं?"

"टाकलं," गुलाबबाई म्हणायच्या.

ते अगदीच खोटं नसावं म्हणून त्या साडेसातला मागच्या खोलीत जायच्या, बाटली उलटी धरायच्या आणि दोन थेंब बेसिनमध्ये सोडायच्या. बाटली वेळेवर संपायची. थेंब टाकलेला असायचा. फक्त कुठे, ते कुणी विचारत नव्हतं.

*

श्रावण सरत आला. शेड कार्डावरचे हिरवे होते तिथेच होते.

गुलाबबाई दिवसातून चार वेळा ओट्यावर जाऊन ताग्याचं टोक उजेडात धरायच्या, आत यायच्या, पुन्हा जायच्या. एकदा त्यांनी गाजरीवर नारिंगी कापायला कात्री लावली आणि खुशबूने मागून हलकेच हात धरला. मग तिने गाजरीचा तागा पुढे सरकवला. गुलाबबाईंना ते फार लागलं.

साळूबाई दोऱ्याची रिळं न्यायला आल्या. "काय भाभी, डोळं आलं का जाग्यावर?"

"औषध चालू आहे."

"आमच्या शेजारच्या चांगदेवाला मोतीबिंदू व्हता. सकाळी आपरेशन झालं अन् दुसऱ्या दिशी पट्टी काढली तं बायकूला म्हनला, तू एवढी म्हातारी कधी झालीस? तुमचं लई लांबलं."

"हे तसलं नाही, साळूबाई. हे हळूहळूचं आहे."

"हळू म्हंजे किती हळू? मार्गशीर्षात आमच्या हर्षालीचं लगीन काढायचं चाललंय. मानपानाच्या साड्या मी दुसरीकडं न्हाई नेनार, पण पावण्यांत पुन्यांदा माझं हसं करू नका, राव."

त्याच आठवड्यात एक माणूस मोजपट्टी घेऊन आला आणि कल्पेशने त्याला ताग्यांची भिंत दाखवली. पट्टीचं लोखंडी टोक अबोलीच्या ताग्यावर टेकलं आणि पट्टी सर्रकन जांभळ्यापर्यंत गेली. "आठ फूट दोन इंच," तो माणूस म्हणाला. गुलाबबाई फॉलच्या घड्या घालत राहिल्या. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

पर्युषणात त्यांनी तेला केला. सलग तीन उपवास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाच. कडवट चव आता सकाळीही नको म्हणून त्या दिवसांत सकाळचा थेंबही बेसिनमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी डोळे इतके खुपायला लागले की स्थानकातल्या भिंतीवरची अक्षरं तरंगायला लागली.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, प्रतिक्रमणाचा पाठ झाला आणि सगळे एकमेकांपुढे हात जोडून क्षमा मागायला लागले. जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामी दुक्कडम. कल्पेशने फोनवर एकच संदेश चारशे जणांना पाठवला. गुलाबबाईंना ते जमेना. त्या खऱ्याखुऱ्या कुणाच्या गुन्हेगार होत्या, याची यादी मनात करत बसल्या. एक तर साळूबाई. त्यांना फोन लावला.

"साळूबाई, वर्षभरात माझ्याकडून चुकलंमाकलं असेल तर माफी असावी."

"अजून त्या ब्लाउजाचं धरून बसलाय व्हय? तो मी भावजयीलाच दिला. तिला लई आवडला. म्हनली, असाच अजून एक आना."

फोन ठेवल्यावर गुलाबबाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. यादीतलं दुसरं नाव फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. ते मॅडमचं. त्यांच्याकडे दोन दिवसांनी जायचंच होतं. आणि रोज रात्री विचारणारी खुशबू तर शेजारच्या खोलीत होती. तिच्यासमोर गुलाबबाईंनी हात जोडले आणि नुसतं मिच्छामी दुक्कडम म्हणून त्या आत गेल्या.

*

आळेफाट्याला कल्पेश बरोबर आला. पुन्हा पट्ट्या, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा खुर्चीच्या हातावर वाजणारी बोटं.

"चार," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं. "उलट कोरडेपणा थोडा वाढलाय. औषध रोज टाकताय ना?"

"रोज," कल्पेशने उत्तर दिलं. "माझी मिसेस स्वतः विचारते. बाटली पण बरोब्बर महिन्याला संपते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग हे औषध यांना लागू पडत नाही. मी पुण्याला चिठ्ठी देते. तिथे याच्या वरचं औषध सुरू करतील, आणि गरज पडली तर डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीला बारीकसं बूच बसवतील."

"बूच?" गुलाबबाई दचकल्या.

"घाबरू नका. दोन्ही पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला एकेक बारीक भोक असतं. डोळ्यातलं पाणी तिथून वाहून जातं. ते बुजवलं की पाणी डोळ्यातच राहतं."

"वाहून कुठं जातं?"

"नाकात. तिथून घशात."

खाली कुणीतरी ट्रकच्या चाकावर हातोडा मारत होतं. गुलाबबाईंनी पाच-सहा घाव मोजले. गप्प राहिलं तर पुणं, वरचं औषध, आणि आठ फूट दोन इंच रॅक. बोललं तर कल्पेश समोर बसलेला.

"म्हणजे औषधाचा थेंबही तिथूनच घशात जातो?"

"थोडा जातो. म्हणून कडू लागतं."

"मॅडम, माझं चुकलं. मी संध्याकाळचं औषध टाकतच नाही. पहिले पाच दिवस टाकलं, बस. चौविहार आहे माझा. घशात कडू उतरतं, मग नेम मोडतो. बेसिनमध्ये टाकत होते."

कल्पेश खुर्चीतून अर्धा उठला. "बेसिनमध्ये? मम्मी! खुशबू रोज विचारते आणि तू..."

"तिला काय सांगू? तू म्हणाला असतास चौविहार सोड."

"म्हणालोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मॅडमच्या कपाळावर आठी चढली. दोन महिने फुकट गेल्याचा राग त्यांनी लपवला नाही. "अहो, वरचं औषध लिहायला घेतलं होतं मी! तुमच्या एका 'रोज'वर! आणि साडेसात काय काळ्या दगडावरची रेघ आहे? सूर्य मावळायच्या आधी टाका. बारा तासांचे दहा-अकरा झाले म्हणून काही बिघडत नाही."

"तुम्ही घड्याळ काढून दिलं होतं."

मॅडमची आठी सैल झाली. "हो, दिलं होतं," त्या जरा खाली आवाजात म्हणाल्या. "आणि चातुर्मास तोंडावर असताना मीही विचारलं नाही. या इकडे."

त्यांनी गुलाबबाईंना मान मागे करायला लावली, थेंब टाकला, आणि गुलाबबाईंचंच बोट धरून नाकाशेजारी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर टेकवलं. "दाबा. जोरात नको. डोळे मिटून. दोन मिनिटं काढायचं नाही. हे तुमचं बूच."

जळजळ तर झालीच. गुलाबबाईंचा दुसरा हात खुर्चीच्या हातावर वाजायला लागला, मग थांबला. त्या घशाकडे कान देऊन बसल्या होत्या, असंच म्हणावं लागेल. एक मिनिट गेलं. दोन गेली. त्यांनी आवंढा गिळला.

"कडू?"

"नाही." त्यांनी पुन्हा गिळून बघितलं. "नाही लागत."

जिना उतरताना कल्पेश म्हणाला, "आजपासून तीन महिने धरले तर मार्गशीर्ष उजाडेल. रॅकची ऑर्डर दिवाळीची आहे."

"माहीत आहे."

गाडी नारायणगावच्या पुढे आली. मग गुलाबबाई म्हणाल्या, "बोलले होते तसं लाव तू रॅक. पण समोरच्या भिंतीला लाव. माझी भिंत मार्गशीर्षापर्यंत राहू दे. चूक माझी, पण औषधाची नाही. त्याला अजून कुणी वेळच दिला नाही."

कल्पेशने काच वर केली. वारा त्यांच्या डोळ्यांवर येत होता.

घरी आल्यावर त्यांनी आधी खुशबूला सांगितलं. खुशबू म्हणाली, "मिच्छामी दुक्कडम परवा झालं, मम्मी. आता याची वेगळी शिक्षा." शिक्षा अशी ठरली की संध्याकाळचा थेंब खुशबूच्या देखत, काउंटरमागे, सगळ्यांसमोर.

महासतीजींनाही त्यांनी धीर करून विचारलंच. त्या हसल्या. "पचक्खाणाच्या पाठातच आगार आहेत, बाई. आगार म्हणजे सूट. आजारपणात जीव शांत राहावा म्हणून औषधाची सूट त्यात आहे. दरवर्षी हात जोडून ऐकता, पण शब्दांकडे लक्ष असतं का?"

गुलाबबाई ओशाळल्या. तरी थेंब त्यांनी दिवसाउजेडीच ठेवला, आणि बोटही सोडलं नाही.

*

दिवाळीला रॅक आले, समोरच्या भिंतीला. सोनेरी, चंदेरी, बोटनेकचे, बाह्यांना जाळी लावलेले ब्लाउज हँगरवर लटकले आणि खपलेही. गुलाबबाईंच्या भिंतीवरचे तागे समोरून ते बघत बसले. कल्पेशने एसीचा झोत तेवढा काउंटरवरून वळवून दाराकडे केला. कधी केला, ते गुलाबबाईंना कळलंही नाही. एक दिवस दुपारी डोळे नेहमीपेक्षा कमी खुपले, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

शेड कार्डाची तपासणी चालूच होती. कधी वाटायचं, चौथा आणि पाचवा हिरवा सुटे दिसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक व्हायचे. त्या चिडून कार्ड उलटं करून ठेवायच्या आणि तासाभराने सुलटं करायच्या.

कार्तिकाच्या शेवटी एका संध्याकाळी, सव्वापाच वाजता, साळूबाई दोन मोठ्या पिशव्या घेऊन दुकानात शिरल्या.

"एकोणीस साड्या हायेत, भाभी! मानपानाच्या. चला, हात चालवा. सव्वासाची यष्टी हाय, ती चुकली तर मला हितंच मुक्कामाला ठेवा."

खुशबूने बाटली पुढे केली. चातुर्मास संपला होता, पण थेंब दिवसाउजेडीच टाकायचा हे गुलाबबाईंनी चालू ठेवलं होतं, आणि त्या दिवसांत सहाच्या आतच सूर्य मावळायचा.

"दोन मिनिटं, साळूबाई," गुलाबबाई म्हणाल्या, स्टुलावर बसल्या, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि दोन्ही हातांची बोटं डोळ्यांच्या कोपऱ्यांवर ठेवून स्तब्ध झाल्या.

साळूबाईंनी पिशव्या या हातातून त्या हातात केल्या. घड्याळ बघितलं. खुशबूकडे बघितलं. "ध्यानाला बसल्या का काय?"

"औषध आहे," खुशबू म्हणाली.

"न्हाई पर यष्टी..."

कल्पेश गल्ल्यावर पेन आपटत होता. दारात अजून दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या दुकानाची चुळबुळ चालली होती आणि तिच्या मधोमध गुलाबबाई तेवढ्या शांत बसल्या होत्या. पूर्वी त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्यांनी डोळे उघडले, जरा धुकं निवळू दिलं आणि म्हणाल्या, "काढा."

पहिली साडी डाळिंबी. त्या मागे वळल्या, तागा ओढला, साडीच्या काठाशी धरला. तोच. लिंबू, तोच. वांगी कलर, आमसुली, श्रीखंडी. खुशबू कापत होती, साळूबाई घड्या मोजत होत्या. सतरा झाल्या. अठरावी आणि एकोणिसावी साडी गुलाबबाईंनी शेजारी शेजारी पसरली. त्यांनी एक तागा काढला, परत ठेवला, दुसरा काढला. ओट्यावर गेल्या. बाहेर संधिप्रकाश होता, त्यात सगळे हिरवे सारखेच दिसतात.

"रामाच हाय की ती," साळूबाई म्हणाल्या. "टाका कापून."

कात्री हातात होती. औषध सुरू व्हायच्या आधी असती तर चालली असती.

"नाही. या दोन मी उद्या सकाळी बघणार. आत्ता कापलं तर चुकेन."

साळूबाई बघतच राहिल्या. "इतकी वर्सं येती, भाभी, पर तुमच्या तोंडनं चुकेन हे पयल्यांदाच ऐकलं. अन् मी आता दोन ब्लाउजांसाठी पुन्यांदा यिऊ?"

समोर सोनेरी-चंदेरी रॅक होते. कल्पेश उठला, तेव्हा गुलाबबाईंना वाटलं, आता हा त्यातला एखादा काढून दाखवणार.

"मावशी, मला उद्या आळेफाट्याला जायचंच आहे," तो म्हणाला. "ओतूरवरून जातो. वाटेत पिंपरीला घरपोच देतो. साड्या राहू द्या इथे."

साळूबाई सव्वासहाच्या गाडीला पळत गेल्या.

सकाळी आठला गुलाबबाईंनी कल्पेशला दुकान उघडायला लावलं. सकाळचा थेंब टाकून झाला होता, पुढच्या तपासणीला अजून दोन आठवडे होते, आणि पट्टी चार भिजेल की सहा, हे देव जाणे. बोळात थंड वारा होता. त्या ओट्यावर उभ्या राहिल्या, दोन्ही साड्यांचे पदर डाव्या हातावर घेतले, उजव्या हाताने ताग्याचं टोक धरलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टिपलं नाही. पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि पाणी आपोआप सरेपर्यंत थांबल्या.

कल्पेश गाडीची किल्ली हातात खेळवत होता. "मम्मी, झालं?"

"थांब जरा."

ऊन समोरच्या छपरावरून ओट्यावर उतरलं. एक पदर निळ्याकडे झुकला, दुसरा हिरव्याकडे.

"ही रामा," गुलाबबाई म्हणाल्या. "आणि ही रामा नाहीच. ही मोरपंखी आहे. काल कापली असती तर पुन्हा तेच झालं असतं."

कल्पेश जवळ येऊन वाकून बघायला लागला. त्याने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं.

"मला तर दोन्ही सारख्याच दिसतात."

"तुला दिसतील," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. "खुशबू, कात्री दे."